तबलीला आधार किती?

१९०७ साली सी. एफ. मार्टिन या अमेरिकन कंपनीने पहिल्यांदा युकुलेले हे हवाईचं चार तारांचं छोटं वाद्य बनवून पाहिलं. पेनसिल्व्हेनियातल्या नॅझरेथ गावच्या या कारखान्याला तोवर गिटार घडवण्याचा सत्तर वर्षांहून जास्त अनुभव होता. हात तयार होते, लाकूड उत्तम होतं, हत्यारांची वाण नव्हती. तरी प्रयोग फसला. कारागिरांनी युकुलेलेला लहान गिटार समजूनच काम केलं होतं. वर स्प्रूसची पातळ फळी बसवली आणि तिच्या पोटाला गिटारच्या सवयीने भरपूर आधारपट्ट्या चिकटवल्या. वाद्य भक्कम झालं, पण त्याचा आवाज आतच घुसमटला. ते काही चाललं नाही.

दरम्यान १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं, हवाईचं संगीत अमेरिकाभर पोचलं आणि युकुलेलेची मागणी एकदम वाढली. मार्टिनच्या कारागिरांनी पुन्हा हात घातला. या खेपेला फळी महोगनीची घेतली आणि आतल्या पट्ट्या मोजक्याच ठेवल्या. १९१६ पासून विकायला आलेली ही वाद्यं इतकी खपली की १९२०च्या दशकात या कंपनीत गिटारपेक्षा युकुलेलेच जास्त बनत होती. त्या काळातली मार्टिनची सोप्रानो, म्हणजे लहान आकाराची, युकुलेले वादक आजही शोधून शोधून घेतात.

घरी युकुलेले बनवायला बसणाऱ्या प्रत्येकाने १९०७ची ही गोष्ट डोळ्यांपुढे ठेवावी, कारण पहिल्या वाद्यात जवळजवळ प्रत्येक जण हीच चूक करतो. हातात घेतलेली फळी जेमतेम दोन मिलिमीटरची असते, कागदासारखी लवते. ती तारांच्या ताणाने फुटेल, बसेल, वाकेल अशी धास्ती वाटते आणि माणूस एक पट्टी जास्त लावतो. मग आणखी एक. वाद्य पुढे कित्येक वर्षं टिकतं, पण खोक्यासारखं वाजतं.

मिरजेचे सतार-तंबोरे बनवणारे कारागीर वाद्याच्या या वरच्या फळीला तबली म्हणतात. शब्द नेमका आहे, म्हणून इथेही तोच वापरला आहे. तंबोऱ्याची तबली फुगीर असते आणि तिचं बरंचसं बळ त्या बाकातच असतं. युकुलेलेची तबली मात्र सपाट किंवा जवळजवळ सपाट. तिला बाकाचं बळ नाही, म्हणून आतून पट्ट्यांचा आधार लागतो. पट्ट्यांच्या या मांडणीला ब्रेसिंग म्हणतात.

आता ताण किती, ते पाहावं. नायलॉनच्या किंवा फ्लोरोकार्बनच्या चार तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण साधारण १५ ते २० किलोच्या आसपास जातो. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर तो ४० किलोच्या घरात असतो आणि पोलादी तारांच्या गिटारवर ७० किलोच्या पुढे. म्हणजे गिटारचं ब्रेसिंग लहान आकारात उतरवून घेणाऱ्याने सुरुवातच चुकीच्या हिशेबाने केलेली असते.

ताणाइतकीच त्याची दिशाही महत्त्वाची. तारा तबलीच्या पृष्ठभागावरून ओढत नाहीत. ब्रिजवर, म्हणजे सतारीच्या भाषेत घोडीवर, त्या तबलीपासून सुमारे सेंटिमीटरभर उंचीवर असतात आणि तिथून मानेकडे ओढतात. त्यामुळे ब्रिज पुढच्या बाजूला कलंडू पाहतो. ब्रिजच्या मागे तबली फुगते आणि पुढे, मधल्या गोल भोकाच्या बाजूला, ती दबते. ब्रेसिंगचं पहिलं काम ही कलंडण्याची ओढ सावरणं. भोकाभोवती लाकूड कापल्याने आलेला अशक्तपणा भरून काढणं, हे दुसरं. आणि ही दोन्ही कामं करताना तबलीला मोकळेपणाने हलू देणं हे तिसरं. अवघड तेच आहे.

लाकडाचा स्वभाव इथे उपयोगी पडतो. स्प्रूससारखं लाकूड रेषांच्या लांबीत जितकं ताठ असतं, त्याच्या दहावा-बारावा हिस्साच ते आडवं ताठ असतं. तबलीच्या रेषा मानेपासून तळापर्यंत उभ्या धावतात, म्हणजे तारांच्या दिशेने तिचं बळ आधीच आहे. सोप्रानोसारख्या लहानग्या वाद्यात तेवढं पुष्कळ होतं. उणीव राहते ती आडव्या ताठपणाची, आणि ती दोन आडव्या पट्ट्यांनी भरून निघते.

जुन्या हवाई वाद्यांची रचना म्हणूनच इतकी साधी आहे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून मजुरांना घेऊन होनोलुलूला लागलं. त्यात मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जुझे दु इश्पिरितु सांतु हे तिघे लाकूडकाम जाणणारे होते. त्यांनी मदैरातल्या माशेत या छोट्या वाद्यावरून युकुलेले घडवलं आणि त्यासाठी कोआ हे बाभळीच्या गोतातलं स्थानिक लाकूड वापरलं. तबलीही कोआचीच, पातळ. भोकाच्या वर एक आडवी पट्टी, खाली एक आणि ब्रिजखाली एक चपटा तुकडा. असं वाद्य वजनाला अर्ध्या किलोपेक्षाही कमी भरतं आणि खोलीभर ऐकू येतं.

आज सोप्रानो बनवणाऱ्याने यापलीकडे जाऊ नये. महोगनी किंवा कोआची तबली १.६ ते १.८ मिलिमीटर, दोन आडव्या पट्ट्या सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर उंच, आणि ब्रिजखाली दीड-दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा. त्याहून जरा मोठ्या काँसर्ट आकारालाही बहुधा हेच पुरतं. फार तर ब्रिजखालून जाणारी एखादी बारीक उभी पट्टी.

टेनर या आणखी मोठ्या आकाराची गोष्ट वेगळी. तिथे तारेची लांबी ४३० मिलिमीटरच्या आसपास असते, सोप्रानोत ती ३३० ते ३५० असते. तबलीचा खालचा भाग २२० मिलिमीटरपर्यंत रुंद होतो, ताण वाढतो आणि आडव्या दोन पट्ट्यांवर काम भागत नाही. भोकाच्या खालच्या आडव्या पट्टीपासून तळाकडे पंख्यासारख्या उमलत जाणाऱ्या तीन पट्ट्या लावायची पद्धत इथे सर्वांत भरवशाची आहे. काही जण पाच लावतात. पहिल्या वाद्यासाठी तीनच घ्याव्यात. मधली तबलीच्या मध्यरेषेवर आणि बाजूच्या दोन ब्रिजच्या दोन्ही टोकांखालून जातील अशा.

पंख्याची ही कल्पना स्पॅनिश गिटारची. ती पक्की बसवली अंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) या अंदालुसियातल्या कारागिराने. त्याच्या गिटारींत अशा सात पट्ट्या दिसतात. १८६२ मध्ये त्याने एका गिटारची पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. तबली मात्र नेहमीसारखी, मन लावून घडवलेली. आवाजाचं मर्म तबलीत आहे हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. महागडं लाकूड पाठीला लावून तबलीच्या आतल्या कामात घाई करणाऱ्यांनी तिचं छायाचित्र भिंतीवर लावावं.

पट्टीचा ताठपणा तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात. समजा पट्टी ६ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर उंच आहे. रुंदी ६ वरून ५ वर आणली, तर ताठपणा सहाव्या हिश्शाने घटतो आणि वजनही तेवढंच घटतं. उंची १० वरून ८ वर आणली, तर वजन पाचव्या हिश्शाने उतरतं, पण ताठपणा थेट निम्म्यावर येतो. याचा अर्थ असा की पट्टी अरुंद आणि उंच ठेवावी. रुंद, चपटी पट्टी वजन वाढवते आणि ताठपणा देत नाही. दुसरं असं की रंध्याचे वरून घेतलेले दोन-तीन हातही मोठा फरक पाडतात, त्यामुळे उंची कमी करताना दर वेळी थांबून पाहावं लागतं. हाच हिशेब तबलीलाही लागू आहे. दोन मिलिमीटरची तबली १.६ केली की तिचाही ताठपणा निम्मा होतो. म्हणून जाडी डोळ्यांनी ठरवू नये, व्हर्नियर किंवा डायल कॅलिपरने निदान दहा-बारा ठिकाणी मोजावी.

वजन वाचवायचं असेल, तर पट्टीचा माथा दोन्ही बाजूंनी उतरता करावा. कापून पाहिलं तर देवळीच्या कमानीसारखा आकार दिसेल असा. उंची तशीच राहते, फक्त कोपऱ्यांचं निरुपयोगी लाकूड जातं.

पट्ट्यांचं लाकूड स्प्रूसचं असावं. तबली कोआची असो, महोगनीची असो की आणखी कशाची, आतली पट्टी हलकी आणि ताठच हवी, आणि या दोन्ही गुणांची सांगड स्प्रूसमध्ये पडते. वाद्याचं लाकूड विकणारे लोक ते मागवून देतात. मुंबईत किंवा गोव्यात जुने, दुरुस्तीपलीकडे गेलेले पियानो मोडीत निघतात. त्यांच्या साउंडबोर्डचं आणि त्यामागच्या दांड्यांचं लाकूड बहुतेक वेळा स्प्रूसचंच असतं, आणि दशकानुदशकं वाळलेलं असतं. असा एक पियानो मिळाला, तर कैक युकुलेलेंच्या पट्ट्या त्यातून निघतात. खोक्यांच्या पाइनमध्ये क्वचित चांगला, गाठ नसलेला तुकडा सापडतो, पण ते लाकूड बहुधा जड आणि विरळ रेषांचं असतं.

तुकडा करवतीने कापण्याआधी तो फोडावा. हे वाचायला आडदांड वाटेल, पण कारण पक्कं आहे. करवत आपण नेऊ तिकडे जाते आणि लाकडाचे धागे तिरपे कापले गेले तरी कळत नाही. अशी पट्टी पुढे पटाशी लावताना सालपटासारखी सुटते आणि ताणाखाली कमी पडते. ठोकळ्याच्या डोक्यावर जाड पटाशी ठेवून लाकडी मोगरीचा एक ठोका दिला की लाकूड आपल्या धाग्याने उकलतं. त्या उकललेल्या बाजूला रंधा मारून सरळ करावं आणि मग त्या बाजूला समांतर पट्ट्या कापाव्यात. पट्टीच्या टोकाकडून पाहिलं असता वर्षरेषा उभ्या, तबलीला काटकोनात दिसल्या पाहिजेत.

यानंतरचा विषय हवेचा. परदेशी पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळतात, आपल्याकडे तो अर्धं काम आहे.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता ८० टक्के असेल तर त्याच्यातलं पाणी हळूहळू १६ टक्क्यांच्या आसपास जातं. आर्द्रता ४५ टक्के असेल तर ते आठ-नऊ टक्क्यांवर येतं. या फरकाने लाकूड लांबीत हलत नाही म्हटलं तरी चालेल, आडवं मात्र ते हलतं. स्प्रूसची २२० मिलिमीटर रुंद तबली ऐन पावसाळ्यातल्या रत्नागिरीहून कोरड्या हवेत गेली, तर रुंदीत ती दोन मिलिमीटरच्या आसपास आकसते. तिच्या पोटाला चिकटवलेली आडवी पट्टी मात्र लांबीत तसूभरही कमी होत नाही. तबलीला आकसायचं असतं आणि पट्टी तिला आकसू देत नाही. मग तबली खाली बसते, तारा फ्रेटला लागू लागतात, आणि ओढ फारच झाली तर रेषेवर चीर जाते. जुलैत डोंबिवलीत चिकटवलेलं वाद्य पुढच्या एप्रिलमध्ये नागपूरला फाटलं, तर दोष ना लाकडाचा ना उन्हाचा. दोष चिकटवण्याच्या दिवसाचा.

उलट चूक तितकी घातक नसते. कोरड्या हवेत चिकटवलेली तबली पावसाळ्यात थोडी फुगते, तारा जरा उंच जातात, आणि ऑक्टोबरात सगळं जागेवर येतं. म्हणून ब्रेसिंग ४० ते ४५ टक्के आर्द्रतेत चिकटवावं. पुण्यात, नाशकात किंवा विदर्भात हिवाळ्याच्या दुपारी असे दिवस मिळतात; भर उन्हाळ्यात तर आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते, ती फारच कोरडी. मुंबई-कोकणात असे दिवस थोडे, म्हणून तिथे एक कपाट किंवा मोठं खोकं राखून ठेवावं. तळाशी ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तापणारा बल्ब लावायचा, त्याला लाकूड-कागद टेकू द्यायचा नाही, आणि तबली व पट्ट्या दोन्ही निदान आठवडाभर आत मोकळ्या हवेशीर ठेवायच्या. एसीचा ड्राय मोड चालत असेल, तर एक लहान खोली तेच काम करते.

आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ते तपासायला घरातलं मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावं, ओल्या वाळूइतपत होईल एवढंच पाणी घालावं, आणि ते झाकण व यंत्र एका घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेवावं. डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर येऊन स्थिरावते. यंत्र ८१ दाखवत असेल, तर त्याच्या प्रत्येक आकड्यातून सहा वजा करावेत.

चिकटवण्याच्या आदल्या दिवशी तबलीच्या आतल्या बाजूवर पेन्सिलीने सगळा नकाशा काढून ठेवावा: मध्यरेषा, भोक, ब्रिजची नेमकी जागा, प्रत्येक पट्टी. ब्रिजखालचा तुकडा ब्रिजपेक्षा चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर मोठा ठेवावा. दोघांच्या कडा एकाच रेषेवर आल्या, तर सगळी ओढ त्या एका रेषेवर येते आणि तबली तिथेच मोडते. या तुकड्याच्या रेषा तबलीच्या रेषांना आडव्या जाव्यात.

अनेक जण तबलीला हलका बाक देतात. प्रचलित बाक म्हणजे २५ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ऐकायला भारी वाटतं, पण २२५ मिलिमीटर रुंदीवर तो मध्यभागी जेमतेम ०.८ मिलिमीटर भरतो. पट्टीच्या खालच्या अंगाला तेवढा बाक रंध्याने देता येतो. सोप्रानोत तो नाही दिला तरी बिघडत नाही.

पट्ट्या दाबून धरायला क्लॅम्प तबलीच्या मध्यापर्यंत पोचत नाहीत. त्यावरचा जुना उपाय आपल्याकडे फुकटात होतो. प्लायवूडच्या दोन फळ्या चार कोपऱ्यांना चार खांब देऊन एकावर एक उभ्या कराव्यात, मध्ये हातभर जागा राहील अशा. खालच्या फळीवर तबली उलटी ठेवायची. बांबूच्या कामट्या या जागेपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर लांब कापायच्या. कामटी किंचित वाकवून तिचं खालचं टोक पट्टीवर आणि वरचं टोक वरच्या फळीला टेकवलं की ती सरळ होऊ पाहते आणि पट्टीला सरळ खाली दाबून धरते. टोकांना सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा, म्हणजे घसरत नाही आणि स्प्रूसवर वळ उठत नाहीत. टेनरच्या एका पंखापट्टीला चार-पाच कामट्या पुरतात.

हे काम आधी एकदा गोंदाशिवाय करून पाहावं. गोंद लावल्यावर हातात चार-पाच मिनिटंच असतात, आणि नेमकी तेव्हाच कामटी सापडत नाही.

गोंदाबद्दल मतं पुष्कळ आहेत. जनावरी सरस अजूनही सर्वांत उत्तम: वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, उष्णता आणि ओलावा देऊन पुन्हा सुटतो, म्हणजे दुरुस्ती शक्य राहते. तो पाण्यात फुगवून ६० अंश सेल्सियसच्या आसपास गरम करायचा. उकळला की त्याची ताकद जाते. अडचण एकच, तो मिनिटभरात थिजतो, म्हणून पट्टी आणि तबली आधी जराशी कोमट करून घ्यावी लागते. नवख्याने लाकूडकामाचा पिवळा गोंद वापरला तर काही बिघडत नाही. साधा पांढरा गोंद मात्र टाळावा. सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत मऊ पडतो.

दाब दिल्यावर पट्टीच्या दोन्ही बाजूंनी गोंदाचे बारीक मणी बाहेर येतात. ते आले म्हणजे गोंद सगळीकडे पोचला. लगेच पुसायला जाऊ नये, नुसता फासला जातो. वीस-पंचवीस मिनिटांनी तो रबरासारखा होतो. तेव्हा एका कामटीच्या टोकाला पटाशीसारखी धार काढून ती पट्टी आणि तबलीच्या कोनातून पुढे ढकलत न्यावी. गोंदाची अखंड दोरी सुटून येते आणि कोपरा कोरा करकरीत राहतो. पोलादी पटाशी इथे वापरली, तर तबलीवर चरा पडतो, आणि हाच चरा पुढे चिरेची वाट दाखवतो.

दुसऱ्या दिवशी कामट्या काढाव्यात. आता खरी मजा.

पट्ट्या मुद्दाम जरा उंच ठेवलेल्या असतात. तबली वरच्या कडेपासून पाव अंतरावर, बाजूला, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत सैल धरावी, कानाजवळ आणावी आणि ब्रिजच्या जागेवर बोटाच्या पेराने टकटक करावं. सुरुवातीला आवाज उंच, कोरडा आणि तोकडा येतो, बंद दारावर टिचकी मारल्यासारखा. आता धारदार पटाशीने मधल्या पट्टीची टोकं उतरवायला घ्यावीत. टोकाशी उंची दीड मिलिमीटरपर्यंत आणायची आणि तिथून मध्याकडे चढ ठेवायचा. कपचे पातळ, आरपार दिसतील असे निघाले पाहिजेत. जाड कपचा निघाला की समजावं हात जड झाला. चार कपच्यांनंतर पुन्हा टकटक. आवाज खाली उतरतो, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो लांबतो. टक्‌चा टंग् होतो. त्याला आस येते.

फोनवरच्या ट्यूनरने हा सूर मोजून वहीत लिहावा. अमुकच सूर आला पाहिजे असा नियम नाही, कारण तबली कडांना चिकटली की तो बदलतोच. उपयोग आहे तो आधीच्या नोंदीशी तुलना करायला. सूर उतरत उतरत एका टप्प्यावर येतो, आणि त्यानंतरचे कपचे काढूनही आस वाढत नाही. आवाज भसाडा, सैल वाटू लागण्याआधीच, याच टप्प्यावर पटाशी खाली ठेवावी.

कानावर भरवसा बसायला दोन-चार वाद्यं जावी लागतात. तोवर मोजमापाचा आधार घ्यावा. तबलीच्या कडा दोन ठोकळ्यांवर टेकवून ब्रिजच्या जागी एक किलोचं वजन ठेवावं आणि ती किती लवली ते डायल गेजने मोजावं. पहिल्या वाद्याचा आकडा आणि पूर्ण झाल्यावरचा त्याचा आवाज, दोन्ही वहीत असले की दुसऱ्या वाद्याला नेमकी दिशा मिळते.

डोळ्यांनी पाहायचं असेल, तर आणखी एक रीत आहे. अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ मध्ये वाळू टाकलेल्या पातळ पत्र्यावर व्हायोलिनचा गज फिरवला आणि वाळूच्या आकृत्या प्रसिद्ध केल्या. घरी त्यासाठी चहाची कोरडी पत्ती चालते. तबली मऊ स्पंजच्या चार तुकड्यांवर उताणी ठेवायची, वर पत्ती भुरभुरायची, खाली छोटा स्पीकर ठेवून फोनवरून एक अखंड सूर द्यायचा आणि तो हळूहळू चढवत न्यायचा. एका सुरावर पत्ती अचानक नाचू लागते आणि थरथर नसलेल्या रेषांवर जाऊन गोळा होते. आकृती डाव्या-उजव्या बाजूंना सारखी दिसली, तर पट्ट्या समतोल उतरल्या आहेत. एका बाजूची रेषा दाबल्यासारखी, वेडीवाकडी दिसली, तर त्या बाजूची पंखापट्टी किंवा तिथली तबली तपासावी. तिथे बहुतेक वेळा कुठेतरी जाडी राहून गेलेली असते.

आडव्या पट्ट्यांना इतकं कोरू नये. भोकाच्या वरची पट्टी मानेकडून येणारा दाब घेते आणि आवाजात तिचा वाटा थोडा. ती दणकट राहू द्यावी. तिची टोकं वाद्याच्या कडेला आतून लावलेल्या खाचांच्या पट्टीत नीट रुतवावीत, नुसती टेकवू नयेत. टोक अधांतरी राहिलं, तर काही महिन्यांत तिथला गोंद सुटतो. पंख्याच्या पट्ट्यांची टोकं मात्र कडेच्या आधी पाच-सात मिलिमीटर थांबली तरी चालतात. तबलीची कड तेवढी मोकळी हलते.

जे कोरायचं ते तबली चिकटवण्याआधी कोरून घ्यावं. टेनरच्या भोकातून काचपेपर धरलेली तीन बोटं कशीबशी आत जातात आणि मधली पट्टी थोडी घासता येते. सोप्रानोच्या भोकातून दोन बोटांपलीकडे काही जात नाही.

तारा चढवल्यावर दोन-तीन दिवस वाद्याबद्दल मत बनवू नये. नायलॉन ताणत राहतं, तबली नव्या ओझ्याला सरावत असते. त्यानंतर स्टीलची फूटपट्टी ब्रिजच्या मागे तबलीवर आडवी ठेवून पाहावी. मिलिमीटरभर फुगवटा दिसला, तर ते निरोगीपणाचं लक्षण आहे. दोन-अडीच मिलिमीटर दिसला आणि ब्रिजच्या पुढे खळगाही पडला असेल, तर तारा उतरवाव्यात. आधार कमी पडला आहे. फुगवटा मुळीच नाही, आवाज लहान, आणि छेडलेला सूर लगेच विझतो, तर आधार जास्त झाला.

एखाद्याच सुरावर, समजा पहिल्या तारेच्या मोकळ्या ए वर, झणझण ऐकू आली, तर फ्रेट घासण्याआधी तबलीवर बोटाने टिचक्या मारत फिरावं. जिथे आवाज फाटका येतो, तिथे आतली पट्टी सुटलेली असते. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा भोकातून घालून फट शोधावी, पातळ केलेला सरस बोटाने तिच्यात दाबून घालावा आणि भोकातून आत सरकवलेल्या छोट्या पाचरीने पट्टी रात्रभर दाबून ठेवावी.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची वाद्य पूर्ण झालेल्या दिवशी मोजून वहीत लिहावी, पुन्हा ऑगस्टच्या मध्यावर आणि मग एप्रिलअखेर. तिन्ही आकड्यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला नाही, तर पुढच्या तबलीच्या पट्ट्या आणखी अर्धा मिलिमीटर उतरवून पाहायला हरकत नाही.